विटाळ खोटा, संसर्ग खरा

मागच्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका वस्तीत टीबीच्या पेशंटची विचारपूस करायला गेले होते. सुनेला फुप्फुसाचा टीबी निघाला होता. तिचे ताट, तांब्या, पेला वेगळा काढून दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवला होता. सासूबाई म्हणाल्या, "ताई, आम्ही लई जपतो. तिच्या ताटाला कुणी हात लावत नाही." मी आत डोकावले. पत्र्याची एकच खोली, एकच खिडकी, आणि थंडी येते म्हणून त्या खिडकीला पोते ठोकलेले. रात्री लेकरांसकट सहा माणसे त्याच खोलीत झोपत.

दाराबाहेरचे ताट पाहून मला काय वाटले, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. आपल्या आज्या-पणज्यांना पाणी वरून ओतून दिले जायचे. तोच रिवाज आपल्या घरात, आपल्याच सुनेला. आणि तो पाळून रोग थांबतही नव्हता. टीबीचा जंतू ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो, आणि हवेची वाट पोत्याने बंद केलेली होती.

विटाळ माणसाच्या जन्माला चिकटवलेला असतो. किती धुतले तरी जात नाही, कारण तो मुळात नसतोच. संसर्गाला मात्र कारणे लागतात: जंतू पाहिजे, त्याला आत शिरायला वाट पाहिजे, आणि त्याला थोपवायला शरीर कमी पडले पाहिजे. यातले एक कारण काढले की साखळी तुटते. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी शिकवले. आपले जुने लोक साथ आली की मरीआईचा कोप म्हणत. तो गाडा आपण गावाबाहेर सोडून आलो, पण विटाळाची सवय अजून काही घरांत राहिली आहे.

सावित्रीमाईंचे उदाहरण घ्या. आपल्या नगरला फॅरारबाईंकडे त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले होते, म्हणून त्या आपल्याला जवळच्या. 1896 च्या अखेरीस मुंबईतला प्लेग पुण्यात पसरला. त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत याने गावाबाहेर दवाखाना मांडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. मुलगा वाचला, माईंना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. शिवाशीव मानणारे म्हणतील, शिवल्या म्हणून गेल्या. पण त्यांचा जीव घेतला तो एका जंतूने, आणि तो जंतू कुणाची जात विचारत नाही. 1894 मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांनी तो शोधला होता. तो उंदराच्या पिसवेतून माणसात येतो हे सिमाँ यांनी कराचीत दाखवले 1898 मध्ये, म्हणजे माई गेल्यानंतर. वाट कोणती हे ठाऊक नसतानाच माय-लेक झुंजत होते.

आता शरीरात काय होते ते पाहू. कातडी ही पहिली भिंत. नाकातला शेंबूड, डोळ्यातले पाणी, पोटातले आम्ल हेही राखणदारच. पिसू चावली की भिंतीला भोक पडते. लगेच रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात आणि जंतूला गिळतात. बहुतेक जंतू तिथेच मरतात. जखमेत साचणारा पू म्हणजे बहुतांशी या लढाईत मेलेल्या पेशीच. पायाला काटा लागून चिघळला की जांघेत अवधाण येते, हे आपल्याला माहीत आहे. तिथल्या गाठीत या पेशींचा तळ असतो आणि लढाई जोरात असली की गाठ सुजते. प्लेगचा जंतू लबाड. गिळणाऱ्या पेशीतच तो जिवंत राहतो, तिच्यावर बसून गाठीपर्यंत जातो आणि तिथे वाढतो. जांघेतली, काखेतली प्लेगची गाठ म्हणजे हीच.

ताप जंतू आणत नाही. तो शरीर स्वतः वाढवते, कारण उष्णतेत बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी चपळ होतात. म्हणून साध्या तापाला मेडिकलमधून दोन दिवसांची अँटिबायोटिक आणून खाऊ नका. ताप उतरला नाही, धाप लागली किंवा लेकरू सुस्त पडले तर मात्र थांबू नका, दवाखाना गाठा.

दुसरी फळी सावकाश तयार होते. एकेका जंतूला ओळखून त्याच्यासाठीच बनवलेली अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा किंवा जास्त लागतो. प्लेग तेवढ्या वेळात माणूस संपवत असे. मात्र एकदा ओळख झाली की शरीर ती लक्षात ठेवते. लस ही ओळख आजाराशिवाय करून देते. हाफकिन यांनी प्लेगची लस 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली, माई जाण्याच्या दोनच महिने आधी. आज प्लेगवर वेळेत औषध मिळाले तर माणूस वाचतो.

टीबीची लढाई वेगळी, फार संथ. खोकल्यातून उडालेले बारीक थेंब बंद खोलीत तासन् तास तरंगतात. श्वासाबरोबर जंतू फुप्फुसात गेला की पेशी त्याला गिळतात, पण मारू शकत नाहीत. मग त्याच्याभोवती भिंत बांधून त्याला कोंडून ठेवतात. ज्यांच्या शरीरात जंतू शिरतो त्यांच्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. बाकीच्यांची भिंत टिकते. ती ढासळते उपासमारीने, साखरेच्या आजाराने, एचआयव्हीने, बिडीने, दारूने. सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेली भाकरी खाणाऱ्या सुनेची भिंत कशावर उभी राहणार?

त्या घरातले पोते मी त्याच दिवशी काढायला लावले. ताट आत यायला आणखी दोन फेऱ्या लागल्या. पेशंटने खोकताना तोंडावर रुमाल धरावा, बेडका झाकणाच्या डबीत थुंकावा, दिवसा दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्या. नेहमीच्या औषधाला दाद देणारा टीबी असेल आणि गोळ्या रोज घेतल्या, तर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याची शक्यता खूप कमी होते. गोळ्या मात्र निदान सहा महिने, बरे वाटले तरी. घरातल्या बाकीच्यांनीही तपासून घ्यावे. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून औषध मिळते. बाळाला जन्मताच बीसीजी द्या. ती मेंदूच्या टीबीपासून वाचवते, मोठेपणीचा फुप्फुसाचा टीबी मात्र पुरता अडवत नाही.

पोटाच्या आजाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला सगळ्यांनी टाकले, तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावून त्याला स्वतः धुतले, ही विनयातली हकीकत विहारात अनेकांनी ऐकली असेल. सेवा करून झाल्यावर हात साबणाने धुवा, एवढे मी नर्स म्हणून जोडते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासा. तपासणी आणि औषध फुकट आहे. उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी दरमहा 1000 रुपये खात्यावर येतात, त्यासाठी बँकेचे पासबुक सोबत न्या. पाथर्डी-शेवगावकडचे जे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्या गोळ्या कोपीवर गेल्यावर सुटतात आणि अर्धवट औषधाने जंतू दाद देईनासा होतो. निघण्याआधी आशाताईला कारखान्याचे आणि गावाचे नाव सांगा. तुमचे नाव तिकडच्या केंद्रावर बदलून घेता येते आणि गोळ्या तिथे मिळतात.