आडवे पडलेले भात

पाटणच्या भोवतालचे डोंगर पाहा. उतार छपरासारखा तिरका आहे. पण त्यावरची जांभळीची, आंब्याची झाडे तिरकी नाहीत. गवंड्याने ओळंबा लावावा तशी ती सरळ उभी आहेत. झाडाला वर कुठे आणि खाली कुठे हे कोण सांगते?

उजेड सांगतो, असे कुणी म्हणेल. झाड उजेडाकडे झुकते हे खरेच. पण मातीत पुरलेल्या बियाला कुठला उजेड? तिथे तर काळोख. तरी बी उलटे पडो की आडवे, मूळ खालीच जाते आणि कोंब वरच येतो.

घरी करून बघा. काचेच्या पेल्यात ओले फडके बसवा. फडके आणि काच यांच्यामध्ये चवळीचा दाणा ठेवा. मूळ बोटाच्या पेराएवढे झाले, की पेला आडवा करून पेटीत झाकून ठेवा. फडके मात्र वाळू देऊ नका. एकदोन दिवसांनी पाहा, मुळाचे टोक जमिनीकडे वळलेले दिसेल.

इंग्लंडात नाइट नावाच्या गृहस्थाने याचा छडा लावला. १८०६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या. गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो ना, तशी ओढ त्या बियांना बसली. मुळे चाकाच्या बाहेर गेली, कोंब आसाकडे वळले. म्हणजे झाडाला ओढ कळते. एरवी ही ओढ पृथ्वीची असते.

ती कळते कशी? मुळाच्या टोकात पिठुळ पदार्थाचे अगदी बारीक दाणे असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. लोट्यात वाळू तळाला बसावी तसे ते तळाला बसतात. मूळ आडवे झाले, की दाणे खालच्या कुशीला येतात. तिकडे मग वाढीचा रस जास्त जमतो. शास्त्रज्ञ त्याला ऑक्सिन म्हणतात. गंमत अशी, की जास्त रसाने मुळाची वाढ मंदावते, पण खोडाची वाढ जोर धरते. म्हणून मूळ खाली वळते आणि खोड वर. भुईमुगाची आरी तेवढी वेगळी. ती मूळ नव्हे, तरी जमिनीत शिरते!

आता आपल्या भाताकडे येऊ. वाऱ्यापावसाने भात लोळते. मग काडीच्या गाठीची खालची बाजू जास्त वाढते, आणि गाठीपाशी वाकून शेंडा वर उठतो. पण हे कोवळ्या काडीलाच साधते. गाठी जून झाल्या, की ते बळ उरत नाही. मोडलेली काडी तर उठतच नाही.

तेव्हा भात पडले, की आधी ते कोणत्या वयाचे आहे ते बघा. पोटरीत असेल तर साचलेले पाणी काढा, त्यात फिरू नका, आणि चार दिवस थांबा. हाताने ओढून उभे करू नका, काड्या मोडतील. पण दाणा पिकला असेल आणि लोंब्या पाण्यात लोळत असतील, तर ते उठेल म्हणून वाट बघू नका. पावसाने उघडीप दिली, की कापून बांधावर आणा. नाहीतर लोंबीतल्या दाण्यालाही ओल मिळते, आणि तो तिथेच कोंब काढतो.