यहूदी मुलाचें तेरावें वर्ष

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत बारा वर्षांचा येशू मंदिरांत गुरुजनांमध्यें बसलेला आपणांस आढळतो. कित्येक उपदेशक हा प्रभूचा 'बार मित्स्वा' होता असें सांगून मोकळे होतात. हें बरोबर नाहीं. मंदिराचा नाश इ. स. 70 मध्यें झाला, आणि हा समारंभ आज चालतो त्या स्वरूपांत मध्ययुगांत रूढ झाला. परंतु त्यामागील कल्पना बरीच जुनी आहे, व आपल्या अभ्यासाचा विषय तीच आहे.

'बार मित्स्वा' म्हणजे 'आज्ञेचा पुत्र', अर्थात् आज्ञेस बांधलेला. मुलाला तेरा वर्षें व एक दिवस झाला कीं तो असा होतो. मुलीस हेंच बारा वर्षें व एक दिवस झाल्यावर प्राप्त होतें. समारंभानें तें होतें असें मात्र वाचकांनीं समजूं नये. मेजवानी झाली नाहीं, कोणी अभिनंदन केलें नाहीं, तरी त्या दिवसापासून प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास त्याला लागू झाला, व सार्वजनिक प्रार्थनेस जे दहा पुरुष लागतात त्यांत परंपरेप्रमाणें त्याची गणना झाली.

या वयाचें मर्म आम्हांस मिश्नांतील नवसाच्या नियमांत सर्वांत स्पष्ट दिसतें. हा परंपरेचा संग्रह इ. स. 200 च्या सुमारास सिद्ध झाला. त्यांत असें ठरविलें आहे कीं, मुलाला बारा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं त्यानें नवस केला, आणि 'मी कोणापुढें बोललों हें मला कळतें' असें तो कितीहि सांगूं लागला, तरी तो नवस धरूं नये. तेरावें वर्ष चालू असतां त्याला विचारून पाहावें, त्याची समजूत तपासावी. तेरा पुरीं झाल्यावर मात्र 'मला कळलें नाहीं' ही सबब चालत नाहीं. बोललेला शब्द त्याचा झाला. केवढा सूक्ष्म विचार आहे हा! मूल आणि मोठा माणूस यांच्यामध्यें एक सबंध वर्ष चौकशीचें ठेविलें आहे. आपल्याकडे वीस वर्षांच्या मुलानें दिलेला शब्द मोडला तरी 'लेकरूंच आहे अजून' म्हणणारे आईबाप थोडे नाहींत.

बापाचाहि यांत भाग आहे. मुलाला प्रथम शास्त्रवाचनास बोलाविलें म्हणजे बाप देवाचे आभार मानतो, तो अशाबद्दल कीं या मुलाच्या दंडांतून आपण सुटलों. हें ऐकणारास कठोर वाटतें. परंतु उत्पत्तीवरील एका प्राचीन टीकेंत याचा संबंध याकोब व एसाव यांच्याशीं जोडला आहे. दोघे तेरा वर्षें बरोबरच शाळेस गेले. पुढें एक अभ्यासगृहाकडे वळला, दुसरा मूर्तींकडे. म्हणून बापानें तेरा वर्षें झटावें, व नंतर ते आभाराचे शब्द बोलावे, असें तेथें सांगितलें आहे. ती तेरा वर्षें ज्यानें फुकट घालविलीं, त्याच्या तोंडीं हे शब्द कसे शोभावे?

तयारी महिनेच्या महिने चालते. शास्त्राच्या गुंडाळींत स्वरचिन्हें नसतात, सुराच्या खुणाहि नसतात. त्या आधीं पाठ कराव्या लागतात. चर्मपत्राला बोट न लावतां शलाकेनें ओळ दाखवीत मुलगा वाचतो. पुष्कळ ठिकाणीं तो आपल्या भागावर चार शब्द बोलतो, व मिळालेल्या देणग्यांतून कांहीं अंश गरिबांस देतो. मेजवान्यांच्या थाटावर रब्बींनीं वेळोवेळीं टीका केली आहे, ती आम्हांस योग्यच वाटते. मुलीनें सभास्थानांत सर्वांसमक्ष वाचण्याची चाल अलीकडची. न्यूयॉर्क येथें 1922 च्या मार्च महिन्यांत रब्बी मॉर्डकाय कॅप्लन यांची कन्या ज्यूडिथ हिनें असें वाचन केलें, तेंहि गुंडाळींतून नव्हे, छापील पुस्तकांतून. आज अनेक मंडळ्यांत मुली गुंडाळींतूनच वाचतात.

तेरा वर्षांचा मुलगा साप्ताहिक दिवशीं सकाळच्या प्रार्थनेला चामड्याच्या दोन काळ्या डब्या, एक दंडावर व एक कपाळावर, बांधूं लागतो. शब्बाथ दिवशीं त्या बांधीत नाहींत. त्यांत निर्गम व अनुवाद या पुस्तकांतील चार उतारे लिहिलेले असतात. त्यांपैकीं एक अनुवादाच्या सहाव्या अध्यायांतील 'शेमा' होय.

हा शब्द कोंकणास नवा नाहीं. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील बेने इस्राएल लोक तेल गाळीत, शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनिवार तेली म्हणत. मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान 1796 मध्यें झालें. जॉन विल्सन यांचें इब्री भाषेचें मराठी व्याकरण 1832 मध्यें निघालें. त्यांतील बहुतेकांचे वंशज 1948 नंतर इस्राएल देशास गेले. परंतु जेव्हां त्यांच्याजवळ ना गुंडाळी होती ना इब्री शिकविणारा गुरु, तेव्हांहि बापाच्या तोंडून मुलाकडे शेमा येत राहिली, अशी त्यांची परंपरा सांगते.