जुनं मॉड्यूल काढताना

दूध संकलन केंद्रांसाठीच्या आमच्या प्रोग्रॅमसोबत चिठ्ठी छापणारं एक मॉड्यूल सुरुवातीपासून यायचं. ते डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी लिहिलेलं होतं. नवं छपाई मॉड्यूल तयार झालं आणि मी जुनं एका अपडेटमध्ये काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पहिला फोन आला.

१. वापरणारा आधी डोळ्यांनी पाहावा. त्या सकाळी मी केंद्रावर गेलो. कॅन घेऊन आलेले शेतकरी खोळंबले होते आणि केंद्राचे सचिव वहीच्या कागदावर लिटर, फॅट, एसएनएफ, दर हातानं लिहून देत होते. दर फॅटवर ठरतो, त्यामुळे चिठ्ठी हातात पडल्याशिवाय शेतकरी हलत नाही. मी जुनं मॉड्यूल परत घातलं आणि काम नव्यानं आखलं.

२. सूचना माणूस बघतो तिथे हवी. जुनं मॉड्यूल बंद होणार असल्याची आमची सूचना लॉग फाइलमध्ये होती. ती फाइल केंद्रावर कोण उघडणार? पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतही २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांपासून अशा सूचना मुळातच लपवल्या जाऊ लागल्या, ३.७ मध्ये, थेट चालवलेल्या प्रोग्रॅमपुरत्या का होईना, त्या पुन्हा दिसू लागल्या. आम्ही मग दिवसाचा हिशेब बंद करतानाच्या पडद्यावर मराठीत दोन ओळी टाकल्या: काय बंद होणार आणि त्याऐवजी काय निवडायचं.

३. पर्याय पूर्ण होईपर्यंत जुन्याला हात लावू नये. थर्मल प्रिंटरवर नवी चिठ्ठी सुबक यायची, पण जुन्या प्रिंटरवर कार्बनमुळे दुसरी प्रत आपोआप मिळायची. महिन्याभरानं वाद झाला की सचिव तीच प्रत काढून दाखवत. थर्मल कागदावरची अक्षरं पुढे फिकी पडतात, म्हणून दुसऱ्यांदा छापूनही भागेना. शेवटी प्रत्येक चिठ्ठीची नोंद साठवून हवी तेव्हा पुन्हा छापायची सोय केली. एवढ्यात चार महिने गेले, आणि ते जायलाच हवे होते.

४. आवृत्ती आणि दिवस दोन्ही जाहीर करावेत. पायथनचं डिस्ट्युटिल्स हे मॉड्यूल २००० पासून सोबत यायचं. २०२१ मध्ये ३.१० नं इशारा दिला आणि २०२३ मध्ये ३.१२ मधून ते गेलं. कुठली आवृत्ती, हे आधीच ठरलेलं होतं. आम्हाला दिवसही नीट निवडावा लागला. बिल दर दहा दिवसांनी निघतं, म्हणून बदल नव्या बिलाच्या पहिल्या दिवशी, सकाळ-संध्याकाळच्या संकलनामधल्या दुपारी केला.

५. सोबत देणं थांबवलं तरी मिळणं थांबवू नये. डिस्ट्युटिल्सची प्रत सेटअपटूल्स या वेगळ्या पॅकेजनं स्वतःकडे ठेवली, त्यामुळे कित्येक जुने प्रोग्रॅम तगले. आम्हीही जुनं मॉड्यूल वेगळं पॅकेज करून ठेवलं. दोन केंद्रं अजून तेच वापरतात. त्यांच्या प्रिंटरची रिबन बाजारात मिळतेय तोवर ते मी चालू ठेवणार आहे.