राणीच्या राज्यातून निघालेला ओवीकार

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. सुट्टीत मिरजगावला गेले होते. माझे आबा, म्हणजे आजोबा, वारकरी. कवीचं नाव न सांगता मी त्यांना एका जुन्या ग्रंथातल्या ओव्या अडखळत वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "कोन्या संताचं हाय गं हे?"

कवी होता फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज, पंथाने कॅथलिक. तो गोव्यात कसा पोचला, हे कळायला आधी इंग्लंडला जावं लागतं.

शाळेत आम्ही ट्यूडर राजे-राण्या पाठ केल्या, पण त्या काळातली भीती काही डोक्यात शिरली नव्हती. कॅथलिक मेरी राणीने (१५५३-५८) सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं. १५५८ मध्ये तिची सावत्र बहीण एलिझाबेथ गादीवर आली आणि पारडं फिरलं. चर्चची प्रमुख आता राणीच. रविवारी चर्चला गैरहजर राहिलं तर १२ पेन्स दंड. पुष्कळ कॅथलिक नावापुरती हजेरी लावून यायचे (आपण लेक्चरला लावतो तशी). खरा घोळ झाला १५७० मध्ये. पोप पायस पाचवे यांनी राणीला धर्मबहिष्कृत केलं आणि तिची आज्ञा पाळू नका असं प्रजेला बजावलं. माझ्या मते यात राणीपेक्षा इंग्लंडमधल्या साध्या कॅथलिकांचंच जास्त नुकसान झालं. आधी ते फक्त वेगळ्या पंथाचे होते, आता प्रत्येकावर राजद्रोहाचा संशय! १५८१ मध्ये दंड महिन्याला २० पौंड झाला. १५८५ च्या कायद्याने तर परदेशात दीक्षा घेतलेला इंग्रज धर्मगुरू देशात सापडला, तर तेवढ्यावरच देहदंड.

स्टीफन्सचा मित्र थॉमस पाउंड तुरुंगात पडला. स्टीफन्स मात्र रोमला पोचला आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात शिरला. त्याच संघाचा एडमंड कॅम्पियन १५८० मध्ये लपूनछपून इंग्लंडला परत गेला, तर पुढच्याच वर्षी फासावर चढला. स्टीफन्स परत गेलाच नाही. लिस्बनहून जहाजाने निघून तो ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला.

इथे मला वाटलं, सुटला बिचारा. पण गोव्यात राज्य पोर्तुगीज कॅथलिकांचं. तिकडे त्याचा पंथ छळ सोसत होता, इकडे तोच छळ करत होता. १५६० पासून इन्क्विझिशन सुरू झालेलं, साष्टीतली देवळं पाडलेली. चिडलेल्या कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी १५ जुलै १५८३ ला पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांची प्रेतं आणायला स्टीफन्स गेला. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. चर्चच्या लेखी ते पाच जण हुतात्मे, आणि कुंकळ्ळीत आज स्मारक आहे ते त्या पुढाऱ्यांचं. कॅम्पियनचंही तसंच, रोमला हुतात्मा आणि राणीला द्रोही. कुणाची बाजू घ्यावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या काढून घेतल्या होत्या. मग त्यांनी वाचायचं काय? स्टीफन्सने त्यांना त्यांच्याच ओळखीच्या ओवीत बायबलची कथा लिहून दिली. हेच 'ख्रिस्तपुराण'. सुमारे ११,००० ओव्या, छापलं १६१६ मध्ये रायतूरला. गोव्यात देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी छापली रोमन लिपीत (आपण एसेमेस करायचो तशीच!). १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी फर्मान काढलं की लोकांनी स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं.

१६१६ ची छापील प्रत आज कुठेच मिळत नाही. देवनागरीतलं एक जुनं हस्तलिखित मात्र आहे, आणि तेही लंडनला! शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, आबांना मी तीच वाचून दाखवली. कवी कोण ते सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, फुडं वाच." पुढचे अध्याय आता दिवाळीच्या सुट्टीत.