तेरा मुलांचा सत्याग्रह

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ओक्लाहोमा नावाचे एक राज्य आहे. ओक्लाहोमा सिटी ही त्याची राजधानी होय. १९५८ साली या नगरात कॅट्झ नावाचे औषधांचे एक मोठे दुकान होते. तेथे औषधांबरोबर इतरही नाना वस्तू मिळत. दुकानाच्या एका बाजूला खाद्यपेयांचा लांब कट्टा असे आणि त्यासमोरच्या आसनांवर बसून ग्राहक अल्पोपहार करीत. कृष्णवर्णीय माणसाला या दुकानातील वस्तू विकत घेता येत. खाद्यपदार्थही त्याला कागदी पिशवीत बांधून मिळत. परंतु आसनावर बसून ते खाण्याची त्याला मनाई होती. त्याचे नाणे दुकानदाराला चाले; त्याचे तेथे बसणे मात्र चालत नसे.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. तथापि त्यानंतरही जवळजवळ शंभर वर्षे, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, गोऱ्या व काळ्या लोकांना एकमेकांपासून दूर ठेवणारे कायदे आणि रूढी टिकून होत्या. या अन्यायाशी झुंजण्यासाठी १९०९ साली एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. एन. ए. ए. सी. पी. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. तिच्या शाखा ठिकठिकाणी निघाल्या व त्यांना जोडून युवक-मंडळेही स्थापन झाली.

ओक्लाहोमा सिटीतील युवक-मंडळाच्या मार्गदर्शक होत्या क्लारा लूपर. त्या शाळेत इतिहास शिकवीत. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात सैनिक होते. एक ना एक दिवस आपण सर्वजण उपाहारगृहात जाऊन जेवू, असे ते मुलांना सांगत. तो दिवस उजाडण्यापूर्वीच त्यांनी जगाचा निरोप घेतला.

१९५७ साली लूपरबाई आपल्या विद्यार्थ्यांसह न्यूयॉर्कला गेल्या. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या कार्यावर त्यांनी लिहिलेले नाटक तेथे सादर व्हावयाचे होते. त्या प्रवासात मुलांना उपाहारगृहांत गोऱ्या लोकांच्या शेजारी बसून खाता आले. त्यांच्या दृष्टीने हा अनुभव अगदी नवा होता. परतताना दक्षिणेकडील वाट लागली आणि पुन्हा तीच मनाई सुरू झाली. एकाच देशात एके ठिकाणी आपण माणूस ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी ठरत नाही, हे का? हा प्रश्न मुलांच्या मनात घर करून राहिला.

तथापि मंडळाने उतावीळपणा केला नाही. महात्मा गांधींच्या अहिंसक लढ्यापासून डॉ. किंग यांनी स्फूर्ती घेतली होती. लूपरबाईंची वाटही तीच होती. त्यांनी मुलांना चार पायऱ्या शिकविल्या. प्रथम वस्तुस्थितीचा शोध घ्यावा. मग समोरच्या माणसाशी बोलणी करावीत. लोकांना प्रश्न समजावून द्यावा. आणि हे सर्व करूनही न्याय न मिळाल्यास शांततेने प्रतिकार करावा. त्याप्रमाणे वर्षाहून अधिक काळ दुकानदारांशी बोलणी चालली. पदरी आला तो नकारच.

अखेर मंडळाच्या एका बैठकीत लूपरबाईंची लहानगी कन्या मॅरिलिन हिने एक साधा उपाय सुचविला. आपण कॅट्झमध्ये जाऊ, बसू आणि देईपर्यंत वाट पाहू, असे ती म्हणाली.

१९ ऑगस्ट १९५८ रोजी तेरा मुले लूपरबाईंसह त्या दुकानात गेली व कट्ट्यापाशी आसनांवर जाऊन बसली. त्यांनी तेरा कोकाकोला मागितले. नकार मिळाला, तरी कोणी उठले नाही. काही गोरे ग्राहक जेवण अर्धवट टाकून निघून गेले. काहींनी शिव्याशाप दिले. पोलीस आले. मुलांनी कोणाला उलट उत्तर दिले नाही की कोणावर हात उगारला नाही. त्या सायंकाळी त्यांना काहीच मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेथे हजर झाली. मारणाऱ्यावर हात न उचलणे थोरांनाही कठीण जाते. येथे तर शाळकरी मुले अपमान गिळून स्वस्थ बसली होती. दोनच दिवसांत दुकानाच्या चालकांनी माघार घेतली आणि केवळ या नगरातील नव्हे, तर तीन राज्यांतील आपल्या दुकानांत ही मनाई उठविली.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या कॅन्सस राज्यातील विचिटा नगरातही युवक-मंडळाच्या अशाच बैठकीला यश आले होते. पुढे १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी असेच एका कट्ट्यापाशी बसले आणि ही चळवळ देशभर पसरली.

ओक्लाहोमा सिटीतील सर्व दुकाने मात्र एका दिवसात खुली झाली नाहीत. मुलांना वर्षानुवर्षे एकेका दारापाशी जावे लागले. लूपरबाईंना एकंदर २६ वेळा अटक झाली. शेवटी जून १९६४ मध्ये नगरसभेने सार्वजनिक जागांतील भेदभावाला बंदी केली आणि २ जुलै १९६४ रोजी सर्व देशासाठी नागरी हक्कांचा कायदा झाला. वडिलांनी सांगितलेला दिवस कन्येने आपल्या डोळ्यांनी पाहिला. २०११ साली क्लारा लूपर निवर्तल्या.

पेलाभर पेयाची किंमत ती किती! ते तर पिशवीत बांधूनही मिळत होते. मुलांना हवी होती ती शेजारी बसण्याची जागा. आणि ती त्यांनी कोणालाही न उठविता मिळविली.

अभ्यास

१. ‘त्याचे नाणे दुकानदाराला चाले, त्याचे तेथे बसणे मात्र चालत नसे.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
२. लूपरबाईंनी शिकविलेल्या चार पायऱ्या क्रमाने सांगा. प्रतिकाराची पायरी शेवटी का ठेवली असावी?
३. मुलांनी उलट उत्तर दिले असते, तर काय घडले असते, असे तुम्हांस वाटते?
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मनात घर करणे, माघार घेणे, अपमान गिळणे.