वडीत प्रोटीन किती?

चि. सुमेध,

डबा पोचला. वड्या छान झाल्या आहेत, आणि आजोबांनी 'हा तर खजुराचा लाडू, चपटा केलेला' असं म्हणत दोन उचलल्या. डब्यावर मात्र तू चिठ्ठी चिकटवली आहेस: 'हाय प्रोटीन, प्रत्येकी २० ग्रॅम'. त्यात पुढच्या ट्रेकपासून ग्रुपमध्ये या वड्या विकायचा बेत असल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. तुझी ही आत्या नोकरीतून निवृत्त झाली असली तरी अन्नशास्त्राच्या वह्या तपासायची तिची खोड गेलेली नाही. म्हणून तुझी पाककृती मागवून घेतली आणि हिशेब मांडला. तो आधी वाच.

ओट्स १०० ग्रॅम, त्यात प्रोटीन साधारण १३ ग्रॅम. खजूर २०० ग्रॅम, त्यात ५. शेंगदाण्याचं बटर १०० ग्रॅम, त्यात २५. मध ५० ग्रॅम, त्यात जवळजवळ शून्य. व्हे पावडरचे दोन चमचे म्हणजे ६० ग्रॅम, त्यात ४५. बेरीज झाली ८८. वजन झालं ५१० ग्रॅम आणि तू वड्या पाडल्यास दहा. म्हणजे एका वडीत ९ ग्रॅमच्या आतबाहेर प्रोटीन, आणि त्याच वडीत खजूर-मधाची मिळून १७ ग्रॅमच्या आसपास साखर. चहाच्या चमच्याने मोजली तर चार चमचे. छापलेल्या आकड्याच्या निम्मंही भरत नाही, बाळा.

यात तुझी लबाडी नाही, हे आत्याला ठाऊक आहे. तू व्हेच्या डब्यावरचा आकडा पाहिलास आणि तोच वडीवर चढवलास. पण त्या डब्यावरचे आकडेही डोळे मिटून घेण्यासारखे नसतात. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी काही डॉक्टरांनी स्वतःच्या खर्चाने तपासल्या. त्याचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा, असं स्पष्ट सांगितलं. तुझं वजन ६० किलो. भारतीय प्रौढासाठी किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम हे प्रमाण धरलं तर तुला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन पुरतं. व्यायाम दांडगा असेल तर थोडं वाढव. दोन अंडी, दोन वाट्या वरण, पेलाभर दूध, मूठभर फुटाणे आणि पोळ्या एवढ्यात त्याचा मोठा वाटा येऊन जातो. वडी आली तर वर.

मुळात ही बार नावाची चीज प्रोटीनसाठी जन्मलीच नव्हती. ब्रायन मॅक्सवेल नावाचा कॅनडाचा मॅरेथॉन धावपटू होता. लांबच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यात अंगातलं बळ अचानक संपतं, हा अनुभव त्याने घेतलेला. पोटाला जड न होता धावताना चघळता येईल असं काही हवं, म्हणून तो आणि पोषणशास्त्र शिकणारी जेनिफर बिडल्फ कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे घरच्याच स्वयंपाकघरात प्रयोग करत राहिले, आणि १९८६ मध्ये 'पॉवरबार' बाजारात आला. तो होता धावणाऱ्याला पिष्ट आणि साखर पुरवणारा. पुढे गॅरी एरिक्सन नावाच्या सायकलपटूला लांबच्या फेरीत तेच तेच बार खाऊन वीट आला. त्याने आईच्या स्वयंपाकघरात स्वतःचा बार घडवला आणि १९९२ मध्ये 'क्लिफ' विकायला काढला. तोही ओट्स आणि गोडाचाच. बारच्या वेष्टनावर प्रोटीनचा आकडा मोठ्या टायपात झळकायला लागला तो व्यायामशाळांची लाट आल्यावर. तेव्हा सह्याद्रीत चढण चढताना तुझी मंडळी जी वडी खातील तिच्यातला खजूर-मध हाच खरा कामाचा भाग आहे. चढताना पायांना तोच लागतो.

आता दुकानातल्या ६० ग्रॅमच्या बारमध्ये २० ग्रॅम प्रोटीन बसतं कसं? त्यासाठी वजनाचा तिसरा हिस्सा निव्वळ प्रोटीन हवं, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास पावडर एका बारमध्ये कोंबायची. पावडर कोरडी असते, ती भोवतालच्या ओलाव्यावर टपून बसते. मधाचं, खजुराचं पाणी हळूहळू ओढून घेते आणि आठवड्याभरात वडी अशी होते की दाताने नव्हे, खलबत्त्याने फोडावी. कारखाने त्यावर ग्लिसरीन घालतात, तंतूंचे पाक घालतात, साखरेची अल्कोहोलं घालतात. त्यातली काही माणसाच्या पोटात गेल्यावर गडगड करतात. घरी या भानगडीत पडू नये. पावडर घालायचीच असेल तर थोडी घाल, आणि पाक कोमट झाल्यावर घाल. व्हेचं प्रोटीन ७० अंशांच्या पुढे आकार बदलू लागतं. उकळत्या गुळात टाकलंस की रबरासारख्या गुठळ्या. तुझ्या दुसऱ्या खेपेच्या वड्या चिवट का झाल्या, याचं उत्तर बहुधा हेच.

आता शेंगदाण्याशिवायची वडी. तुझ्या खोलीतल्या मित्राला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, असं तू सहज एका ओळीत लिहिलंस. आत्याच्या लेखी पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच होती.

पाककृती सोपी आहे. डाळव्याचं पीठ १५० ग्रॅम. डाळवं म्हणजे चिवड्यात घालतो तीच पंढरपुरी डाळ. सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया ७५ ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ७५, राजगिऱ्याच्या लाह्या ४०, बिनसायीची दूध पावडर ६०, गूळ २०० आणि दोन मोठे चमचे साजूक तूप. बिया वेगवेगळ्या भाज, कारण भोपळ्याची बी फुगेपर्यंत सूर्यफुलाची करपते. डाळव्याचं पीठ तुपावर दोन मिनिटं परत, कच्चट वास जातो. गूळ चिक्कीचा घेऊ नकोस, साधाच घे. त्यात दोन-तीन चमचे पाणी घालून मंद आचेवर ठेव. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला की बोटांत मऊ गोळी वळायला हवी. तिथे गॅस बंद. पाक आणखी पुढे गेला, थेंब पाण्यात कट्कन मोडायला लागला, तर चिक्की होईल. चिक्की वाईट नाही, पण कड्यावर बसून थंडीत खाताना दात शाबूत राहायला हवेत. मग पीठ, बिया, दूध पावडर आणि सगळ्यांत शेवटी लाह्या. लाह्या आधी टाकल्या तर ओलावा पिऊन मऊ पडतात. तुपाचा हात लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने दाबून थाप, कोमट असतानाच सोळा वड्या पाड. गार झाल्यावर सुरी घातलीस तर नुसता चुरा.

हिशेब? डाळव्यात सुमारे ३३ ग्रॅम, भोपळ्याच्या बियांत २२, सूर्यफुलाच्या बियांत १५, दूध पावडरीत २१, राजगिऱ्यात साडेपाच. सगळे मिळून ९६ आणि थोडे. एक वडी ४० ग्रॅमची, तिच्यात ६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे एका अंड्याएवढं. आता लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की घे. दाणे आणि गूळ निम्मेनिम्मे धरले तर ४० ग्रॅमच्या चिक्कीत ५ ग्रॅम प्रोटीन येतं. एवढ्या खटपटीनंतर फरक पडला एका ग्रॅमचा! खरा फरक गुळात आहे: चिक्कीत २० ग्रॅम, तुझ्या वडीत साडेबारा. शिवाय धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत मेथिओनिन. डाळवं, बिया, राजगिरा आणि दूध एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. दूध पावडरऐवजी तेवढंच व्हे घातलंस तर वडी साडेसात ग्रॅमपर्यंत जाईल. घरच्या वडीची मजल साधारण तिथवर. डब्यावर '६ ग्रॅम' छाप. लोक घेतील.

पण नुसतं साहित्य बदललं म्हणून ही वडी तुझ्या मित्राला चालेल असं समजू नकोस. आपल्या मराठी घरात दाण्याचं कूट कुठे नसतं? खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, चटणीत. ज्या मिक्सरच्या भांड्यात सकाळी कूट केलं त्यातच तू दुपारी डाळवं दळणार, आणि त्या भांड्याच्या रबरी चकतीखाली दाण्याची पूड हमखास अडकलेली असते. ॲलर्जी कडक असेल तर तेवढ्यानेही घसा सुजतो. लाकडी उलथनं, चाळणी, पोळपाट यांचंही तेच. घाण्याचं शेंगदाणा तेल वापरत असाल तर त्यात दाण्यातलं प्रोटीन उतरलेलं असतं. ताटाला तेलाचा हात लावायची सवय सोड.

आणि बाजार! चौकातल्या भडभुंज्याच्या कढईत, त्याच तापल्या वाळूत आधी शेंगदाणे भाजले जातात, मग फुटाणे. वाण्याकडच्या उघड्या पोत्यांत एकच माप फिरतं. डाळव्यात एखादा दाणा सापडला तर आपण उचलून तोंडात टाकतो आणि पुढे जातो. तुझ्या मित्राला ती चैन नाही. म्हणून त्याच्यासाठीचं साहित्य बंद पाकिटातलं घे आणि पाकिटाची मागची बाजू वाच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शेंगदाणे, बदाम-काजूसारखी कवचफळं, दूध, सोया, गहू, अंडी, मासे यांचा उल्लेख करावा लागतो. त्याच कारखान्यात शेंगदाणे हाताळले जातात अशी ओळ दिसली तर ते पाकीट परत ठेव. मिक्सरचं एक स्वस्त भांडं, एक ताट, एक उलथनं फक्त या वड्यांसाठी वेगळं काढ, आणि ज्या दिवशी कूट कराल त्या दिवशी या वड्या करू नकोस.

दाण्याऐवजी बदाम घालू का, असंही तू विचारलंस. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राप्रमाणे शेंगवर्गातला, हरभऱ्याचा नातलग, बदाम-अक्रोड झाडावरचे. त्यामुळे एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याची असेलच असं नाही, पण काहींना दोन्ही असतात. उलट काही थोड्या जणांना शेंगदाण्याबरोबर दुसऱ्या कडधान्यांचाही त्रास होतो, म्हणजे डाळवंही विचारूनच. हे तू ठरवायचं नाहीस आणि आत्यानेही नाही, ते त्याच्या डॉक्टरांनी सांगायचं. 'एवढासा तुकडा खाऊन बघ, काही होत नाही' हे वाक्य तर तोंडातून काढू नकोस. गडावर, जिथे रुग्णवाहिका पोचायला तास लागतात, तिथे तर मुळीच नाही.

तिळाचंही तसंच. आपल्याला तीळ म्हणजे निर्धोक वाटतो. पण लंडनची नताशा एडनन-लापेरूस ही १५ वर्षांची मुलगी २०१६ मध्ये विमानतळावर घेतलेलं सँडविच खाऊन गेली. पावाच्या पिठात तीळ होता आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, आणि ऑक्टोबर २०२१ पासून विक्रीच्याच जागी बनवून बांधलेल्या पदार्थांवरही सगळे घटक छापण्याचा कायदा ब्रिटनमध्ये लागू झाला. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाला प्रमुख ॲलर्जींच्या यादीत नववं स्थान दिलं. आपल्या यादीत तो अजून नाही. म्हणून तुझ्या चिठ्ठीवर तीळ असेल तेव्हा 'तीळ' लिही, कोणी सक्ती केली नसली तरी. तुझी ताई न्यू जर्सीहून विचारत होती की संक्रांतीला लेकाच्या वर्गात तिळगूळ वाटू का; तिलाही हेच सांगितलं, की आधी शाळेला विचार, नाहीतर तिळगूळ सोडून साखरफुटाणे दे.

एक गंमत सांगायची राहिली. सूर्यफुलाच्या बियांचं पीठ करून खायचा सोडा घातलास आणि वडी भाजलीस, तर ती गार झाल्यावर आतून हिरवी दिसेल. बुरशी समजून फेकू नकोस. त्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, त्याचा सोड्याशी संयोग होऊन हा रंग येतो. थोडा लिंबाचा रस घातला की येत नाही. खरी बुरशी मात्र ओळखायला शीक, विशेषतः इतरांसाठीच्या दाण्याच्या वड्यांत. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा निवडून टाक. त्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते भाजल्याने पुरतं जात नाही.

टिकण्याचं म्हणशील तर पाकातल्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे सहज राहतात, कारण गूळ पाण्याला बांधून ठेवतो. खजुराच्या वड्यांत ओल जास्त. त्या फ्रिजमध्ये ठेव आणि ट्रेकला नेल्यास पहिल्या दिवशीच संपवा. पावसाळ्यात तर राजगिरा घातलेली वडी दमट हवेत तासाभरात मऊ होते. प्रत्येक वडी बटरपेपरात वेगळी गुंडाळ.

विकायचं पक्कं असेल तर आधी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी कर. घरगुती धंद्यालाही ती लागते, आणि अर्ज घरबसल्या भरता येतो. पुढच्या खेपेला प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर मोज. चमच्याचा हिशेब नको, प्रत्येक डब्यातला चमचा निराळा असतो. नव्या चिठ्ठीचा मजकूर छापण्याआधी आत्याला पाठव: घटक, वजन, केल्याची तारीख, आणि 'या स्वयंपाकघरात शेंगदाणे वापरले जातात' ही ओळ ठळक. तुझ्या मित्राच्या आईचा फोन नंबरही घेऊन ठेव, म्हणजे त्याला काय चालतं ते थेट त्यांनाच विचारता येईल.

डबा परत पाठवत आहे. त्यात मेथीचे लाडू आहेत, आणि त्यात काजू आहेत, तेव्हा ते खोलीत उघडे ठेवू नकोस.

तुझी,
आत्या