गिऑनच्या गल्लीत कॅमेरा

प्रश्न : एप्रिलमध्ये जपानला जातोय. क्योटोत माइकोंचे फोटो काढले तर चालतात का?

उत्तर : क्योटोच्या गिऑन भागात संध्याकाळी झपाझप चालणारी माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, कामावर निघालेली असते. चहागृहात पाहुणे खोळंबलेले असतात. तिची वाट अडवणं, किमोनोच्या बाहीला हात लावणं, थेट तोंडावर फ्लॅश मारणं, याच प्रकारांना तिथले रहिवासी विटले. म्हणून 2019 मध्ये खासगी गल्ल्यांत फोटोबंदीच्या पाट्या लागल्या, दंड 10,000 येन. 2024 पासून काही गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशच नाही. हानामिकोजी हा मुख्य रस्ता सार्वजनिक आहे, पण तिथंही तिच्यामागे धावू नका. लांबून, रस्त्यासकट फ्रेम घ्या. माझ्या मते तोच फोटो जास्त बोलका होतो. (भरदुपारी देवळापाशी निवांत पोझ देणारी ‘माइको’ बहुधा हौसेनं नटलेली पर्यटकच असते!) तिलाही विचारा : ‘शाशिन, इइ देस्का?’ (फोटो काढला तर चालेल का?) हातानं फुली दाखवली, की कॅमेरा खाली. चेहरे जवळून हवेतच, तर सहल फेब्रुवारीत न्या : 25 तारखेला कितानो तेनमानगू देवळाच्या आलूबुखारबहर उत्सवात माइको उघड्यावर चहा देतात.